काजवा : २०८७ सालचं लेसर नेमयंत्र, एकांकिकेसाठी

विज्ञान-एकांकिकेत लेसर आला की दिग्दर्शकाची पहिली मागणी लाल रेघेची असते. विंगेतून निघालेली, धुरातून आरपार गेलेली, समोरच्या खडकावर आदळणारी झगझगीत रेघ. ही रेघ साफ खोटी. लक्ष्य दाखवणाऱ्या लेसरचा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. तो दिसत नाही म्हणूनच त्यात नाटक आहे, असं माझं मत.

आपलं यंत्र काल्पनिक आहे. साल २०८७, चंबळच्या घळींतली एक चौकी, दोन जवान आणि तिपाईवर बसवलेलं नेमयंत्र. फौजेत यंत्रांना टोपणनावं पडतातच. याचं नाव ‘काजवा’. लुकलुकतो, पण दिसत नाही. गणेशोत्सवातल्या चाळीस मिनिटांच्या एकांकिकेसाठी हे यंत्र दोन रविवारांत उभं राहतं. पण पाइप कापायच्या आधी ते कसं चालतं हे समजून घ्यायला हवं, नाहीतर हातात शेवटी मोठी टॉर्च येते.

काजवा स्वतः काहीच उडवत नाही. तो फक्त बोट दाखवतो. लक्ष्यावर पडलेला त्याचा उजेड सगळीकडे विखुरतो, आणि दुरून येणारं दुसरंच काहीतरी (आपल्या गोष्टीत एक ड्रोन) तो विखुरलेला उजेड पाहून तिथे पोचतं. कल्पना जुनी आहे. लेसर जन्मला १६ मे १९६० रोजी, माणकाच्या स्फटिकातून. पुढच्या बारा वर्षांत, मे १९७२ मध्ये, व्हिएतनाममधला थान्ह होआचा पूल लेसरने नेम दाखवलेल्या बॉम्बनी पाडला. आणि ग्वाल्हेरकरांना हे सांगायला दूर जायला नको. जून १९९९ मध्ये टायगर हिलवर लेसर-बॉम्ब टाकणारी मिराज-२००० विमानं म्हणजे आपल्या महाराजपूरच्या हवाई तळावरचीच. त्यांचा आवाज ऐकत इथल्या दोन पिढ्या वाढल्या आहेत.

या कामाचा नेहमीचा लेसर म्हणजे नीओडिमियम मिसळलेला याग (यिट्रियम-अॅल्युमिनियम गार्नेट) स्फटिक. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. आपला डोळा साधारण ७०० च्या पुढे आंधळा होतो. काजव्याला आकडे द्यायचे तर असे द्या: एका ठोक्यात ८० मिलिज्यूल ऊर्जा, ठोका १५ नॅनोसेकंदांचा, सेकंदाला १० ठोके. भागाकार करून पाहा. ठोक्याच्या त्या क्षणात ५ मेगावॉटच्या वर ताकद, आणि सरासरी फक्त ०.८ वॉट. देवघरातला झिरोचा बल्ब १५ वॉटचा असतो. संवादात ‘गिगावॉटचा किरण’ वगैरे घालायचा मोह होतो. त्यापेक्षा ‘सरासरीत झिरोच्या बल्बाहूनही कमी वॉटचा’ हे वाक्य प्रेक्षकाच्या जास्त लक्षात राहील.

आता पडद्याचा प्रश्न. बहुतेक जण मागच्या पडद्यावर प्रोजेक्टरने करडं थर्मल चित्र दाखवतात आणि त्यात मधोमध लेसरचा ठिपका. इथे जाणकार हसतो. उष्णता पाहणारा कॅमेरा ८ ते १२ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात बघतो, १०६४ नॅनोमीटर म्हणजे जेमतेम १ मायक्रोमीटर. त्या कॅमेऱ्याला ठिपका दिसणारच नाही. ठिपका पाहायला वेगळा कॅमेरा लागतो आणि दोन्ही चित्रं एकावर एक बसवावी लागतात. ही अडचण टाळू नका, वापरा. पडद्यावर आधी थर्मल चित्र, मग खटका दाबल्याचा आवाज, मग दुसऱ्या कॅमेऱ्याचं काळपट चित्र आणि त्यात ठिपका. चित्र बदललं की ठिपका खडकाच्या कडेवरून घसरलेला दिसावा. दोन कॅमेऱ्यांची नजर केसभर जुळत नसली की असंच होतं: एकात नेम बरोबर, दुसऱ्यात चुकलेला. मग जवानाने कोणावर विश्वास ठेवायचा? अर्धी एकांकिका इथेच आहे.

२०८७ मध्ये बॅटरी सुधारेल, वजन घटेल. भिंगाचा नियम मात्र तोच राहील. उजेड कितीही नीट बांधून सोडला तरी पसरतो, आणि किती पसरतो ते पुढच्या भिंगाचा व्यास ठरवतो. सूत्र सोपं: तरंगलांबी गुणिले २.४४, भागिले व्यास, गुणिले अंतर. ५० मिमीचं भिंग घेतलं तर १० किमीवर ठिपका आदर्श परिस्थितीतही सुमारे अर्ध्या मीटरचा होतो. प्रत्यक्ष यंत्रात त्याच्या कितीतरी पट मोठा. तेच भिंग ५०० किमी उंचीवरच्या उपग्रहात बसवलं तर जमिनीवर ठिपका २६ मीटरचा, म्हणजे एका घरावर नेम धरायला गेलात तर आळीच उजळली. अंगठीतून चंद्रावरची खिडकी टिपणारे नायक लिहायचे असतील तर ती परीकथा म्हणून लिहा. अपोलो ११ ने १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर पृथ्वीवरून मोठ्या दुर्बिणीतून लेसर सोडतात, तरी तिथे पोचेपर्यंत झोत काही किलोमीटर रुंद झालेला असतो.

अंतर मोजण्याबद्दल एक सूचना. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन हिशेब १५० मीटरचा. ६ किमीवरच्या खडकाचं उत्तर ४० मायक्रोसेकंदांत येतं. तेव्हा पडद्यावर आकडे शून्यापासून टिकटिक करत चढवू नका. आकडा एकदम यावा, पापणी लवायच्या आत. वेळ लागतो तो नंतर. ड्रोन पोचेपर्यंत नेम तिथेच धरून ठेवावा लागतो, आणि ते सेकंद संपता संपत नाहीत.

“साहेब, काजवा लावला. सहा हजार चाळीस.”

“कोड?”

“तीन-एक-सात.”

“धरून ठेव. सव्वीस सेकंद.”

यानंतर खरोखर सव्वीस सेकंद कोणी बोलायचं नाही. तालमीत घड्याळ लावा, कारण नटांना बारा सेकंदच सव्वीस वाटतात. पार्श्वसंगीतही नको.

हा कोड कशाला? प्रत्येक नेमयंत्र आपले ठोके ठरावीक लयीत सोडतं आणि येणारं यंत्र फक्त आपल्या लयीचा ठिपका ओळखतं. आरतीच्या गर्दीत आपल्या घरच्या झांजेचा ठेका ओळखावा तसं. दोन चौक्यांनी चुकून एकच कोड लावला तर येणाऱ्याला दोन ठिपके सारखेच, आणि तो कुठल्यावर जाईल याची खात्री नाही. शेजारच्या घळीतल्या तुकडीचा कोडही तीन-एक-सात आहे, हे सतराव्या सेकंदाला वायरलेसवर कळावं. तो आकडा नाटकभर प्रेक्षकांना दिसत राहायला हवा, त्याची सोय पुढे आहे.

हवामान. इथे ग्वाल्हेरचं असणं कामी येतं, कारण लेसरला नडणाऱ्या जवळपास सगळ्या गोष्टी आपल्याकडे वर्षभरात येऊन जातात. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पलीकडे. यागचा स्फटिक ८०८ नॅनोमीटरचा उजेड देणाऱ्या लेसर डायोडने चेतवतात, आणि डायोडची तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटरने सरकते. दहा अंश तापला की ३ नॅनोमीटर सरकला. स्फटिक ज्या पट्ट्यात उजेड पितो तो पट्टा यापेक्षा अरुंद असतो, म्हणून डायोड पेटलेला, पंखा फिरतोय, बॅटरी भरलेली, आणि ठोका मात्र लुळा. बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही. काजवा उन्हात ठेवला आणि ऐन वेळी मुका झाला, असा प्रसंग लिहायचा असेल तर कारण हे द्या; ‘सर्किट जळालं’ नको. उपायही खरा आहे: यंत्रावर ओलं पोतं, सावली, आणि थांबणं. दुपारच्या तापलेल्या जमिनीवरून हवा लहरते तेव्हा ठिपकाही पाण्यातल्या चंद्रासारखा थरथरतो, तेव्हा पडद्यावरचा ठिपका स्थिर ठेवू नका.

लू सुटली की धूळ. समोर वीस मीटरवर उठलेल्या धुळीवरूनच उजेड परत येतो आणि अंतर दिसतं सहा हजारांच्या जागी वीस. म्हणून यंत्राला पहिला प्रतिसाद मानायचा की शेवटचा, हे निवडायचं बटण देतात. प्रॉपवर ते बटण हवंच: ‘पहिला / शेवटचा’. जानेवारीचं धुकं तर सगळ्यात वाईट. दृश्यमानता १ किमी असेल तर १ किमीवर उजेडाचे जेमतेम २ टक्के पोचतात. ‘इन्फ्रारेड धुक्यातून बघतो’ हा समज दाट धुक्यात चालत नाही. तिथे १०६४ चीही गत साध्या उजेडासारखीच. भविष्यातही पाण्याचे थेंब तेवढेच असणार.

आता बनवायला घेऊ. सामान बहुतेक सगळं लष्करात मिळतं. म्हणजे आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून नाव पडलेल्या. फौजेच्या कॅन्टीनला विचारत बसू नका.

मुख्य नळा ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, लांबी ३० सेमी. त्याच्या तोंडाशी आत ७५ मिमीचा १२ सेमी तुकडा, भोवती जुन्या चपलेच्या रबराच्या तीन पट्ट्या म्हणजे तो मधोमध बसतो. मागे एंड-कॅप, तिला ४० मिमीच्या पाइपाचा ६ सेमी तुकडा नेत्रिका म्हणून. करवत चालवण्याआधी पाइपाभोवती कागदाची पट्टी गुंडाळा आणि तिच्या काठाने खूण करा, नाहीतर काप तिरका जातो आणि एंड-कॅप एका बाजूने तोंड उघडं टाकून बसते. जोड एम-सीलने भरा, एक रात्र सुकू द्या. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळा पाइप घासा. हे टाळलं की प्रायमरसकट रंग दुसऱ्या तालमीतच पापुद्र्यांनी निघतो, कारण पीव्हीसी गुळगुळीत असतं. रंग ऑलिव्ह, पण मॅट. चकचकीत रंगावर स्टेजचा लाइट पडला की लांबूनही पाइप पाइपच दिसतो.

पुढच्या तोंडाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, प्रेक्षक तिथेच बघतात. खऱ्या यंत्रांच्या भिंगापुढे कधी कधी मधाच्या पोळ्यासारखी काळी जाळी असते, भिंगाची चमक शत्रूला दिसू नये म्हणून. ती स्ट्रॉपासून छान होते. ६ मिमी जाडीच्या स्ट्रॉचे २ सेमी लांब तुकडे, ७५ च्या पाइपात सुमारे १२० बसतात. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर जुलै २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा कागदी घ्या, आणि त्यांना पोस्टर कलर लावू नका. पाणी लागलं की कागद फुगतो, तोंडं चपटी होतात आणि पोळ्याचा चिवडा होतो. काळा स्प्रे लांबून, दोन पातळ हातांत. जाळीच्या मागे ३ मिमी अॅक्रिलिकची चकती, तिला गाडीच्या काचेची निळसर फिल्म. चकती थोडी तिरकी बसवा. सरळ बसवली तर समोरचा स्पॉट थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत परततो.

वजन हा ज्याच्यावर कोणी विचार करत नाही असा भाग. रिकामा पाइप नट एका हाताने उचलतो आणि यंत्राचं खेळणं होतं. भंगारातले २ किलो नट-बोल्ट घ्या, जुन्या बनियनमध्ये घट्ट गुंडाळा, आणि नळ्याच्या पुढच्या अर्ध्यात, ७५ च्या पाइपाच्या मागे कोंबा. सैल राहिले तर शांततेच्या त्या सव्वीस सेकंदांत खुळखुळ्यासारखे वाजतात. वाळू भरू नका. ती कुठून ना कुठून गळते आणि स्टेजवर पाय घसरतो. वजन पुढे असलं की यंत्र नाक खाली करायला बघतं, नटाला ते डाव्या हाताने सावरावं लागतं, आणि तेवढ्याने त्याचे खांदे खरे दिसू लागतात.

तिपाईसाठी मोबाइलचा हलका ट्रायपॉड चालणार नाही. अडीच-तीन किलोच्या भाराने त्याची मान हळूहळू झुकते आणि नेम खडकावरून नटाच्या बुटावर येतो. व्हिडिओचा जाड ट्रायपॉड कोणाकडून तरी मागून आणा. त्याचा स्क्रू पाव इंची, इंचाला २० आटे. हार्डवेअरवाला एम-६ चा नट देईल, दिसायला अगदी तसाच. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी आणि आटे १.२७ मिमी अंतरावर, एम-६ मध्ये ते १ मिमीवर. जाडा स्क्रू बारीक नटात शिरत नाही, जोर केला तर आटे मरतात. १२ मिमी प्लायचा १० बाय १५ सेमी तुकडा घ्या, भोक पाडून पाव इंची टी-नट वरच्या बाजूने ठोका. खालून स्क्रू आवळला की तो नट लाकडात आणखी रुततो. खालच्या बाजूने ठोकलात तर आवळताना बाहेर येईल. साधा नट एम-सीलमध्ये बसवण्याचा शॉर्टकट तर नकोच, तो प्रयोगाच्या दिवशी गरगर फिरतो.

आता ती लाल रेघ मागणाऱ्या दिग्दर्शकाची समजूत. उजेड पुढून नाही, मागून दाखवायचा. नेत्रिकेच्या आत, काठापासून ४ सेमी खोल, एक लाल एलईडी आणि तिच्यापुढे बटर पेपरचे दोन थर. नट डोळा लावतो तेव्हा त्याच्या भुवईखाली आणि गालाच्या हाडावर लाल उजेड लुकलुकतो. स्टेजवर अंधार, आणि फक्त एका माणसाचा अर्धा डोळा ठोक्याठोक्याने दिसतोय. बाराव्या रांगेलाही कळतं की यंत्र चालू आहे.

सर्किट ५५५ या टाइमर आयसीचं. पाय ८ आणि ४ धनाला, १ ऋणाला. ८ आणि ७ मध्ये १ किलो-ओहम, ७ आणि ६ मध्ये ३३ किलो-ओहम, २ आणि ६ एकत्र. ६ पासून ऋणापर्यंत ४.७ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर शेजारी-शेजारी, पैकी एकाच्या वाटेत छोटा टॉगल स्विच. पाय ५ वरून ०.०१ मायक्रोफॅरड ऋणाला. पाय ३ वरून १ किलो-ओहम, मग एलईडी, तिथून ऋणाला. दोन्ही कपॅसिटर जोडलेले असताना सेकंदाला सुमारे सव्वादोन ठोके. स्विच उघडला की साडेचार. शेवटच्या पाच सेकंदांत नटाने अंगठ्याने तो उघडायचा. खऱ्या यंत्रात ठोक्याची लय अशी बदलत नाही, ही सूट आपण नाटकासाठी घेतोय. एलईडीतून जेमतेम अडीच मिलिअँपिअर जातो, डोळ्याजवळ तेवढाच बरा. लांबून फिका वाटला तर १ किलोच्या जागी ४७० ओहम, त्याहून कमी नको.

पॉवरला चार पेन्सिल सेल. तीन सेलवर ५५५ सुरू होतो, तालमीत चालतोही, आणि प्रयोगाच्या दिवशी सेल थोडे उतरले की ४.५ व्होल्टच्या खाली जाऊन गप्प बसतो. न लुकलुकण्याचं दुसरं कारण म्हणजे उलटा लावलेला कपॅसिटर. पट्टी असलेला पाय ऋणाला हवा. तिसरं, आणि सर्वात जास्त वेळा आढळणारं, म्हणजे सेलच्या पेटीची सैल स्प्रिंग. यंत्र तिपाईवर आपटलं की क्षणभर विझतं. पेटीत पुठ्ठ्याची घडी सरकवा, वर रबरबँड.

कोडसाठी जुन्या टेपरेकॉर्डरचा तीन आकडी काउंटर शोधा. त्याचं चाक बोटाने फिरवता येतं आणि फिरताना खरखर आवाज करतं, कुठल्याही डिजिटल पडद्यापेक्षा ते जास्त लष्करी वाटतं. पण तो आकडा तिसऱ्या रांगेपुढे वाचता येत नाही. म्हणून तोच आकडा नळ्याच्या कुशीवर खडूने, हाताएवढा: ३१७. जवान खडूने लिहितो, बाहीने पुसतो. २०८७ मध्येही खडू राहील, याबद्दल मला शंका नाही. दुसऱ्या कुशीवर पिवळा त्रिकोण आणि ‘अदृश्य लेसर किरण. भिंगात पाहू नये.’

नटाला एवढं शिकवा: यंत्राला डोळा लावण्याआधी टोपी मागे फिरवायची, श्वास अर्धा सोडून थांबायचा, खटका बोटाच्या टोकाने, आणि दुसरा जवान कधीही यंत्राच्या पुढून जात नाही, नेहमी मागून. १०६४ चा उजेड दिसत नसला तरी डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो आणि तिथे भाजतो; पापणीला मिटायची सूचनाच मिळत नाही. तालमीत कोणी पुढून गेला की दुसऱ्याने ओरडायचं. ही सवय स्टेजवर आपोआप दिसते.

या यंत्रात खरा लेसर कुठेच नाही, आणि तो घालूही नका. बाजारातले स्वस्त हिरवे पॉइंटर तर मुळीच नकोत. त्यांच्या आत आधी ८०८, मग तोच आपला १०६४, आणि तो दुप्पट करून ५३२ चा हिरवा होतो. पुढची गाळणी पैसे वाचवायला गाळलेली असेल तर हिरव्याबरोबर अदृश्य उजेडही बाहेर पडतो. वर छापलेल्या मिलिवॉटवर जाऊ नका. १ मिलिवॉटच्या आतला लेसर पापणीच्या भरवशावर सोडता येतो, हे पॉइंटर त्याच्या किती वर असतात ते मोजल्याशिवाय कळत नाही. प्रयोगानंतर पोरं तो पॉइंटर घेऊन गच्चीवर जातात, आणि महाराजपूरला उतरणारं विमान डोक्यावरून जात असतं. वैमानिकाच्या काचेवर तो ठिपका पसरून सगळी काच हिरवी करतो.

शेवटच्या प्रयोगानंतर सेल काढा. राहिले तर पुढच्या गणेशोत्सवापर्यंत गळतात, स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर चढतो. चढलाच तर कापसावर व्हिनेगर घेऊन पुसा, कोरडं करा, मग जुन्या टूथब्रशने घासा. नट-बोल्टांची बनियन मात्र आत राहू दे.